मदत हवी आहे: वर्गात ठेवलेल्या अळ्यांचे कोश वाया जात आहेत

माझ्या बालवर्गात साडेतीन-चार वर्षांची १८ मुलं आहेत. या महिन्यात 'कीटक' हा विषय आहे. मुंग्यांची रांग बघून झाली, मातीच्या मुंग्या करून सहा पाय मोजले. (कोळ्याचे आठ पाय मोजल्यावर 'हा कीटक नाही' हे मुलांनीच सांगितलं!) आता अळीचं फुलपाखरू होताना त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं आहे.

अंगणातल्या कढीपत्त्यावरून लिंबाच्या फुलपाखराच्या पाच मोठ्या हिरव्या अळ्या आणल्या. काचेच्या बरणीला मलमल बांधली, रोज ताजी पानं दिली, विष्ठा काढली, चढायला काडी ठेवली. पाचही कोशात गेल्या. दोन फुलपाखरं छान बाहेर आली. उरलेले तीन कोश मात्र काळपट पडले. त्यातल्या एकाला बारीक भोक पडून चिमुकल्या गांधीलमाश्यांसारखे कीटक निघाले. मुलं रोज विचारतात, "आपलं फुलपाखरू कधी येणार?"

कढीपत्त्यावर औषध मारलेलं नाही. बरणी सावलीत असते. शनिवार-रविवार वर्ग बंद असतो, त्यामुळे दोन दिवस पानं बदलता येत नाहीत. विकतचा संच परवडणार नाही.

हे परजीवी कीटक अळीत बाहेरूनच आले असावेत, असं मला वाटतं. मग पुढच्या वेळी अंडी किंवा पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या लहान अळ्याच आणल्या तर हे टळेल का? इतक्या लहान अळ्या सुट्टीचे दोन दिवस कशा जगवायच्या? आणि मेलेल्या कोशाबद्दल चार वर्षांच्या मुलांना तुम्ही नेमकं काय सांगता?