स्पॅनिश : 'फुए' म्हणजे 'होता' की 'गेला'? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वर्षभर संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकते आहे, आता ए-२ (प्राथमिक पातळीच्या) परीक्षेची तयारी चालू आहे. साध्या भूतकाळात एके ठिकाणी अडले आहे. 'सेर' म्हणजे असणे आणि 'ईर' म्हणजे जाणे, या दोन्ही क्रियापदांची रूपं तंतोतंत तीच : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. एका अक्षराचाही फरक नाही.

वर्गात स्पॅनिश लेखक सर्व्हांटेसवर उतारा होता. त्यात 'फुए सोल्दादो' म्हणजे सैनिक होता आणि 'फुए आ इतालिया' म्हणजे इटलीला गेला. त्यावरून मी ठरवलं की पुढे 'आ' आला की 'गेला' समजायचं. मग सराव परीक्षेत आलं, 'ला सेना फुए आ लास नुएबे'. 'आ' तर आहे, पण अर्थ 'रात्रीचं जेवण नऊ वाजता होतं'. तिथे चुकले. मग ओळखायचं कशावरून?

दुसरी अडचण जास्त छळते. 'सेर'चं भूतकाळात 'एरा' असंही एक रूप आहे. 'मि आबुएलो एरा माएस्त्रो' आणि 'मि आबुएलो फुए माएस्त्रो', दोन्हींचं मराठी मी 'माझे आजोबा शिक्षक होते' असंच करते. मग कधी 'एरा' आणि कधी 'फुए'?

आणि ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात 'फुए'च्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ आहे. ती अर्थ वेगळा दाखवायला आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, रेघेचं आधी सांगतो. तिचा अर्थाशी संबंध नाही. पूर्वी फुई, फुए, दिओ (दिलं), बिओ (पाहिलं) यांवर ती देत असत. स्पॅनिश अकादमीच्या नव्या नियमांनुसार १९५९पासून ती गेली. तुमचं पुस्तक त्याआधीचं असणार.

रूपं एक का, तर 'ईर' हे तीन लॅटिन क्रियापदांच्या तुकड्यांतून जुळलंय. वर्तमानातलं 'बोय' हे 'वादेरे'चं, 'इबा' (जात होतो) हे 'ईरे'चं आणि 'फुई' चक्क असण्याच्या क्रियापदाकडून घेतलेलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? 'जातो' संस्कृत 'या' धातूचा, 'गेला' मात्र 'गम्'कडून, 'गत'वरून आलेला. दोन धातू एका क्रियापदात नांदतात आणि आपल्याला जाणवतही नाही.

ओळखताना 'आ' नंतर बघा, आधी कर्ता बघा. जेवण, लग्न, सभा कुठे जात नाहीत. त्यांची वेळ आणि जागा 'सेर'नेच सांगतात. 'ला बोदा फुए एन सेबिया', लग्न सेव्हियाला झालं. माणूस कर्ता आणि 'आ'पुढे ठिकाण असेल तर 'गेला'. 'आ'पुढे क्रियापद असेल तर सरळ आपलं '-यला गेला' : 'फुए आ कोम्प्रार पान', पाव आणायला गेला.

प्रतिसाद

एरा-फुएबद्दल मी सांगते, मीही बरेच दिवस यात अडकले होते. 'जाणे' घेतलं तर मराठी आपल्याला साथ देते : 'फुई' म्हणजे गेले, 'इबा' म्हणजे जायचे किंवा जात होते. 'असणे'च्या बाबतीत मराठीत सगळं 'होते'मध्येच बसतं, म्हणून गोंधळ होतो.

मी असं करते. 'होते'च्या जागी 'असायचे' किंवा 'त्या वेळी होते' बसतं का ते बघते. बसलं तर 'एरा', कारण तिथे तुम्ही एक चित्र उभं करताय आणि गोष्ट पुढे सरकणार आहे. आजोबा शिक्षक होते, घर शाळेला लागून होतं, आणि एके दिवशी... इथे सगळं 'एरा'. पण 'तीस वर्षं शिक्षक होते' म्हटलं की काळाला दोन्ही टोकं आली : 'फुए माएस्त्रो दुरान्ते त्रेइन्ता आन्योस'. वाक्य चालू काळात शिरतंय की पूर्ण काळाकडे बाहेरून बघतंय, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

वर्गातल्या तक्त्यांपेक्षा स्वतःच्या आठवणीतली चार वाक्यं लिहा, लवकर बसेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जाणे-गेलाचं इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं! चार वाक्यं लिहिली आहेत, तपासाल का?

'कुआन्दो एरा निन्या, इबा आ कासा दे मि आबुएला तोदोस लोस बेरानोस.' लहान असताना दर उन्हाळ्यात आजीकडे जायचे.
'ला कासा एरा पेकेन्या.' घर लहान होतं.
'उन बेरानो फुई सोला.' एका उन्हाळ्यात एकटीच गेले.
'एरा मि ऊल्तिमो बेरानो आयी.' तो माझा तिथला शेवटचा उन्हाळा होता.

प्रतिसाद

पहिली तिन्ही बरोबर. चौथ्यात 'फुए' लिहा, कारण तो उन्हाळा तिथेच संपला.