दगडफुलातला जिवाणू: १६एस ९६.४% जुळतोय, नवीन जीनस म्हणायचा का?

हिमखडक: लाहौलच्या खडकांवरच्या अम्बिलिकेरिया लायकेनच्या (दगडफुलाच्या) थॅलसमधून, म्हणजे शरीरातून, फिकट गुलाबी, टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती मिळाल्या आहेत. माध्यम दहापट विरळ आर२ए (कमी पोषणाचं), पीएच ५.५, तापमान १० अंश. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा सँगर पद्धतीने वाचलेला एकच तुकडा (रीड) आहे, ७२० बेसचा. ज्ञात जिवाणूंपैकी सगळ्यात जवळचा निघतो लायकेनिहॅबिटन्स सोरोमाटिस, ९६.४%. दुसऱ्या स्ट्रीकला (नव्या प्लेटवर रेघ ओढून उतरवल्यावर) वाढ मंदावते आणि कडेने बुरशी चढते. हा नवीन जीनस (स्पीशीजच्या वरचा गट) धरू का? आणि पुढे आधी काय करू?

वंशवेल: एवढ्यावर जीनस नको. १६एसमध्ये स्पीशीजची सीमा साधारण ९८.७% आणि जीनसची ९४.५% धरतात. म्हणजे तुमचा आकडा त्याच जीनसमधल्या नव्या स्पीशीजकडे बोट दाखवतो. पण ७२० बेसवरचा आकडा कच्चाच. २७एफ प्रायमरच्या बाजूने (जनुकाच्या सुरुवातीकडून) वाचलं की सुरुवातीचे बदलते पट्टे त्यात जास्त येतात आणि साम्य कमी दिसतं. १४९२आर प्रायमरकडूनही (शेवटाकडून) वाचा, दोन्ही रीड जोडून किमान १४०० बेस करा, मग बघा.

ट्रीमध्ये (वंशवृक्षात) लायकेनिबॅक्टेरियमच्या दोन्ही स्पीशीज (रॅमालिनी आणि मायनर, २०२०) घ्याच. ही सगळी मंडळी ऱ्हिझोबिएल्स या जिवाणूगणातल्या एलएआर१ शाखेतली. ही शाखा २००९ मध्ये लायकेनच्या डीएनएवरून कळली होती. सोरोमाटिसचं नाव आलं २०१९ मध्ये, तेही अंटार्क्टिकातल्या सोरोमा लायकेनमधून. हिमालयातला तुमचा स्ट्रेन (वाण) नेमका कोणत्या फांदीवर बसतो हे टक्क्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

पेट्रीडिश: वाढ मंदावते त्याचं कारण माध्यमात शोधा. फॉस्फेट आणि अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले) की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि असे हळू वाढणारे जिवाणू त्यात दबतात. दोन्ही वेगळ्या फ्लास्कमध्ये करा, ५० अंशांपर्यंत निवू द्या, मग मिसळा. आम्लही तेव्हाच घाला. आम्लासकट ऑटोक्लेव्ह केलं तर अगार तुटतं आणि प्लेट पेजेसारखी राहते. अगारऐवजी १% जेलन गम वापरून बघा, पण त्यात थोडं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचं क्षार लागतं, नाहीतर ते धड घट्ट होत नाही. प्लेटमध्ये २५ मिली ओता आणि पिशवीत बंद करून ठेवा. पातळ प्लेट आठवड्यांच्या उबवणीत सुकतात.

बुरशीसाठी सायक्लोहेक्झिमाइड, लिटरला १०० मिलिग्रॅम, माध्यम निवल्यावर. विषारी आहे, हातमोजे घालूनच तोला.

थॅलस ब्लीचमध्ये बुडवून ठेवू नका, तो सच्छिद्र असतो आणि ब्लीच आतल्यांनाही मारतं. ब्रशने माती काढा, निर्जंतुक पाण्यात पाच-सहा वेळा जोरात हलवून धुवा आणि शेवटचं धुवण प्लेटवर लावा. त्यातही हीच वसाहत उगवली तर जिवाणू थॅलसच्या आतला आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका: मिथायलोबॅक्टेरियम गुलाबी, लायकेनिकोकस रोझियस गुलाबी, ऱ्होडोटोरुला यीस्टही गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि किमान तीन वेळा एकाच वसाहतीवरून स्ट्रीक करा. शुद्ध झाला की त्याच दिवशी २०% ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवा.

हिमखडक: धन्यवाद. जीनोम आणि डिपॉझिटचं (स्ट्रेन संग्रहात जमा करण्याचं) काय?

वंशवेल: जीनोममधला १६एस तुमच्या सँगरशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला नाही तर संवर्ध (वाढवलेला जिवाणू) मिसळलेला असू शकतो. स्पीशीजसाठी एएनआय (दोन जीनोममधल्या डीएनएचं सरासरी साम्य) ९५–९६% आणि डिजिटल डीडीएच (डीएनए-जुळणीचा संगणकी अंदाज) ७०% या सीमा. जीनस ठरवताना एएनआय कामाचं नाही, तिथे एएआय (प्रथिनांमधल्या अमिनो आम्लांचं सरासरी साम्य) आणि कोअर जीन्सचा (सगळ्यांत असणाऱ्या जनुकांचा) ट्री लागतो.

मेदाम्लांची तुलना करायची तर टाइप स्ट्रेन (ज्याच्यावरून स्पीशीजचं नाव ठरलं तो नमुना) मागवून त्याच माध्यमावर, त्याच तापमानाला, वाढीच्या त्याच टप्प्यावर करा. थंडीत असंतृप्त मेदाम्लं वाढतात, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरमधल्या २५ अंशांच्या आकड्यांशी १० अंशांचे आकडे लावले तर फरक तापमानाचा आणि श्रेय स्पीशीजला, असं होतं.

डिपॉझिट दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत हवं. एक पुण्याच्या एनसीएमआर या सूक्ष्मजीव केंद्रात होईल. दुसरं परदेशात, त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया आत्ताच सुरू करा, पेपर लिहून झाल्यावर नव्हे. आणि संग्रहाच्या प्रमाणपत्रात ‘स्ट्रेन इतरांना देण्यावर निर्बंध’ असं काही नाही ना, ते वाचून घ्या. तसं असेल तर नाव वैध धरलं जात नाही.