रात्री दोनला जाग येतेच, तर नाईट गार्डची नोकरी धरू का?

माजी हवालदार, ता. कोरेगाव
जय हिंद. मराठा लाईट इन्फंट्रीतून गेल्या वर्षी पेन्शनवर आलो. शेवटची वर्षं राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीरात कुपवाड्याकडे. दोन तास पहारा, थोडी झोप, परत पहारा. घरी येऊनही शरीराने तेच धरून ठेवलंय. रात्री दोनच्या सुमाराला टक्क जाग येते. टॉर्च घेऊन फाटकाची कडी, गोठा, मागचं दार बघून आल्याशिवाय पाठ टेकवत नाही. गारठ्याने गोठ्याचा पत्रा टणकन वाजला तरी उठून बसतो. झोपेत एकदा बायकोचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या फुटल्या. तेव्हापासून ती उंबऱ्यातूनच "अहो" म्हणून हाक मारते. कॅन्टीनच्या रमने झोप लागते, पण टिकत नाही.
पुण्यात एका सोसायटीत रात्रपाळीच्या गार्डची नोकरी चालून आलीय. जागाच असतो, तर धरू का?

माजी नर्सिंग असिस्टंट, मिरज
साहेब, रात्रपाळी नको. जी सवय मोडायची तीच पक्की होईल. दिवसपाळी मागा.
रम झोप लावते, पण उतरायला लागली की झोप मोडते. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.
रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. जाग आली आणि झोप लागेना, तर उठून खुर्चीत बसा, घड्याळ बघू नका. फाटकाची फेरी झोपण्याआधी एकदाच. कडी बघितली की जीवाला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच दुसऱ्या रात्री परत जावंसं वाटतं. पहिले काही दिवस फार जड जातील, तरी नेटाने धरा. झोपेच्या सवयी आणि विचार बदलायच्या या पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात, जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच सुचवतात.
घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे वहिनींना विचारा. तसं असेल तर त्याची तपासणी वेगळी.

फौजीची बायको, गडहिंग्लज
भाऊ, वहिनी लांबून हाक मारतात ते अगदी बरोबर करतात. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत रात्री ट्रॅक्टर गेला की हे ताडकन उठायचे. सियाचीनला होते, स्वप्नात तंबू बर्फाखाली जायचा. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, डॉक्टरांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तेच स्वप्न दिवसा, शेवट बदलून लिहायला सांगितलं. ह्यांनी लिहिलं, जोडीदार फावडं घेऊन येतो आणि सगळे बाहेर निघतात. संध्याकाळी चहानंतर रोज ते पान वाचायचे. हळूहळू ओरडून उठणं कमी झालं.
गावात लोक काय म्हणतील म्हणून हे आधी तयार नव्हते. मी सोबत गेले, तेव्हा आले. मध्यरात्री फारच जीव घाबरला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

माजी हवालदार, ता. कोरेगाव
ताई, स्वप्नं मलाही पडतात, वर लिहायला जड गेलं. सोसायटीवाल्यांना दिवसपाळीचं विचारलंय. सोमवारी बायकोला घेऊन साताऱ्याला ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जातो. काय काय न्यावं?

माजी नर्सिंग असिस्टंट, मिरज
ईसीएचएस कार्ड, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, चालू गोळ्यांची चिठ्ठी. मनगटाचा प्रसंग वहिनींना सांगू द्या, आणि रम किती होते ते तुम्ही खरं सांगा. औषध त्यावर ठरतं.