थाय ग्रीन करी: माझी आमटीच का होते?

ओवी_पुणे: मंडळी, दोन रविवार फसले. पहिल्यांदा रंग खाकी, दुसऱ्यांदा नवरा म्हणाला, "कोथिंबिरीची आमटी छान झालीय." हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं, लसूण, गवती चहा आणि लिंबाची साल मिक्सरला लावली. खोक्यातलं नारळाचं दूध उकळलं, वाटण घातलं, वीस मिनिटं रटरटू दिलं. गवती चहाचे दोरे दातात अडकले ते वेगळंच. तयार पेस्ट आणू का? सासूबाई शाकाहारी आहेत, आम्ही दोघं सगळं खातो.

तिरफळ: गवती चहाची पाती चहात घाला हो! करीला मुळाकडचा पांढरा जाड दांडा लागतो. बाहेरची आवरणं काढून आडवा अगदी बारीक चिरा, मग वाटा. दोरे राहत नाहीत. कोथिंबिरीचंही तेच, पेस्टमध्ये मुळं घालतात, जी आपण कापून फेकतो. माती मात्र तीन पाण्यांनी धुवा. आणि आलं नको, कुलिंजन हवं, म्हणजे गलांगल. काष्ठौषधीच्या दुकानातलं वाळकं नव्हे, ओलं. मला क्रॉफर्ड मार्केटात मिळालं, मॅकरूट नावाच्या सुगंधी लिंबाची पानंही तिथेच.

घारापुरी: एवढी यातायात कशाला? तयार पेस्ट चांगली असते.

चारवर्षं_बँकॉक: असते की, पण लेबल वाचून घ्या, बऱ्याच पेस्टमध्ये कोळंबी असते. सासूबाईंच्या ताटात जाईल.
ओवी, तुमची खरी चूक दुधात आहे. तिथे आधी नुसतं दाट दूध कढईत आटवतात. ते फुटून तेल सुटलं, की त्या तेलात पेस्ट परततात. आपण मटणाचं वाटण परततो ना, तसंच. तुम्ही वाटण उकळलंत, म्हणून आमटी झाली. खोक्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून काहीबाही घातलेलं असतं, त्यामुळे दोन चमचे तेल घालून परता. घरचा नारळ असेल तर पहिलं दूध तासभर फ्रीजमध्ये ठेवा, वर दाट थर येतो तो घ्या. मग चिकन, पातळ दूध, वांगी. शेवटी फिश सॉस आणि किंचित पाम शुगर. गोव्याचा माडाचा गूळ असेल तर उत्तम.
रंगाचं मनावर घेऊ नका. थाय नाव 'केंग खिआओ वान'. वान म्हणजे गोड, पण इथे ते रंगाचं वर्णन आहे, सायीत मिसळलेला फिका हिरवा. म्हणून साखर ओतू नका. हॉटेलातली पोपटी करी बघून मीही आधी फसलो होतो.

ओवी_पुणे: करीत वरून घालतात त्या बेझिलच्या पानांऐवजी तुळस चालेल?

चारवर्षं_बँकॉक: नको. तुळशीच्या जातीचं पान थाय लोक दुसऱ्या पदार्थात घालतात, मिरची-लसणावर परतलेल्या मांसात. करीतल्या पानाला बडीशेपेसारखा वास असतो. कुंडीत सब्जा असेल तर त्याची पानं जास्त जवळची. गॅस बंद करताना टाका.

तिरफळ: कपी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, मिळाली नाही तर चमचाभर जवळा कोरडा भाजून पूड करा. आंबूस वास येणार नाही, पण चवीला खोली येते. सासूबाईंचं वाटण आधी वेगळं काढा. त्यांच्यात फिश सॉसऐवजी लाइट सोया सॉस, आणि चिकनच्या जागी टोफू किंवा नुसती वांगी.

ओवी_पुणे: आज केली! सव्वा तास गेला, त्यातला निम्मा कोथिंबिरीची मुळं धुण्यात. तेल अगदी काठाने सुटलं. नवरा काही बोलला नाही, भात तीनदा घेतला. सासूबाईंनी लिंबाचं पान विड्यासारखं चावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे अळूच्या फदफद्यात घालून बघू." मी गप्प बसले. बोटभर कुलिंजन उरलंय, टिकेल का?

तिरफळ: काप करून फ्रीजरला टाका. आणि फदफद्याचं काय झालं ते कळवा.