मदत हवी आहे : सोन्याचा आधार सुटल्यावरही डॉलरचे वर्चस्व कसे टिकले?

महासत्तांचा प्रभाव लष्करापेक्षा चलन आणि संस्था यांच्या बळावर अधिक काळ टिकतो, असे माझे मत होत चालले आहे. मात्र त्यातील एक दुवा जुळत नाही, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे. १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या प्रश्नावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा पौंडावर ताण आलेला असतानाही अमेरिकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत अडवून धरली आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. (तेही मित्रराष्ट्र असताना!) युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेनंतर डॉलर सोन्याशी बांधलेला होता (म्हणजे इतर देशांच्या सरकारांना तो ठरावीक दराने सोन्यात बदलून घेता येत असे), त्यामुळे इथपर्यंतचे समजते. परंतु १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते बंधन तोडल्यावरही इतर देशांनी आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीत प्रामुख्याने डॉलरच का ठेवला? तेलाचे व्यवहार डॉलरमध्ये होतात, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. अमेरिकी सरकारी रोख्यांची विस्तीर्ण बाजारपेठ, लष्करी संरक्षणाची हमी, की नाणेनिधीत ८५ टक्के बहुमत लागणारे निर्णय एकट्याने रोखू शकणारा अमेरिकेचा मतांचा वाटा, यांपैकी निर्णायक काय ठरले? या विषयावरील मराठी किंवा इंग्रजी पुस्तके सुचवल्यास आभारी राहीन.