अल्बर्ट कान म्हणजे नुसता कारखानेवाला नव्हे

अमेरिकन आर्किटेक्ट अल्बर्ट कानबद्दल "त्यानं फक्त फोर्ड मोटार कंपनीच्या शेड बांधल्या" असं म्हणणं काही पटलं नाही बुवा. अ‍ॅन आर्बरचं हिल ऑडिटोरियम (१९१३) त्याचंच, तिथला आवाज आजही लोक वाखाणतात (आडनाव कान म्हणून नाही हं!). पण खरी गंमत डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटारींच्या कारखान्यात, १९०५ ची १० नंबरची बिल्डिंग, तिथे त्यानं भाऊ ज्युलियसनं काढलेली, काँक्रीटमध्ये घालायची सळई वापरली, म्हणजे सळईच्याच कडेच्या पट्ट्या कापून ४५ अंशात वर वाकवलेल्या, सळयांभोवती वेगळ्या रिंगा बांधायची कटकटच नाही, मग काँक्रीटचे खांब एकमेकांपासून लांब लांब ठेवता आले आणि भिंतीच्या जागी मोठ्या खिडक्या! जुन्या कारखान्यांच्या लाकडी मजल्यांत तेल मुरून आग लागायची भीती होती, तीही गेली. साइटवर रोज सळया बांधणाऱ्या फिटरशी डोकं लावणाऱ्या माझ्यासारख्याला ती सळईच जास्त आवडते.