फुटबॉलमध्ये तगड्या संघांशी फ्रेंडली (मैत्रीपूर्ण सामने) खेळून भारताला नेमकं काय मिळतं?

सहा नंबर जर्सी:
आपल्यापेक्षा वरच्या संघांशीच फ्रेंडली खेळाव्यात, असं माझं मत. २०२२ बघा. मार्चमध्ये मनामाला बहारीनकडून १-२, बेलारूसकडून ०-३, मेमध्ये दोह्यात जॉर्डनकडून ०-२. लोकांनी तेव्हाचे प्रशिक्षक स्टिमाच यांना फाडून खाल्लं. जूनमध्ये कोलकात्यात आशिया चषकाच्या पात्रता फेरीत त्याच संघाने कंबोडिया (२-०), अफगाणिस्तान (२-१) आणि हाँगकाँग (४-०) तिघांना हरवलं.

उलट २०२३ मध्ये इंफाळ, भुवनेश्वर, बंगळुरू अशा तीन स्पर्धा घरच्या घरी जिंकल्या, रँकिंग ९९ वर गेलं. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया: तीन पराभव, गोल शून्य.

फातोर्डा ईस्ट स्टँड:
जूनच्या त्या विजयांचं श्रेय फ्रेंडलींना देताय, पण एप्रिलअखेरपासून बेल्लारी आणि मग कोलकाता असं लांबलचक शिबिर झालं होतं, ते विसरलात. दीड महिना एकत्र राहिलं की कोणताही संघ सुधारतो.

मुळात आपलं दुखणं वेगळं आहे. अफगाणिस्तान ०-० (मार्च २०२४), बांगलादेश ०-० (शिलाँग, मार्च २०२५), हाँगकाँग ०-१ (जून २०२५). समोरचे दहा जण मागे बसले की आपल्याला गोल सापडत नाही. इराणशी खेळताना नेमकं उलटं होतं. विंगर (कडेचा आक्रमक) फुलबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) शेजारी येऊन बसतो, स्ट्रायकर चाळीस यार्डांवर एकटा, चेंडू मिळाला की लांब फटका. फुलबॅकने वर चढायचं, बॉक्सच्या कडेवरून चेंडू मागे कापून द्यायचा, याचा नव्वद मिनिटांत सराव किती होतो? जवळजवळ नाहीच. काफा (मध्य आशियाई) चषकात इराणकडून ०-३ झालं, ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे आलो, सगळे खूश. महिन्याभराने आमच्या मडगावात सिंगापूरकडून १-२, तेही १४व्या मिनिटाला आघाडी घेऊन. आशिया चषक २०२७ गेला.

गणित मास्तर:
रँकिंगच्या भीतीने सोपे संघ बोलावणाऱ्यांसाठी हिशोब. फिफाच्या विंडोत, म्हणजे राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत, खेळलेल्या फ्रेंडलीचं वजन १० (वजन जास्त तितके रँकिंगचे गुण जास्त हलतात), विंडोबाहेर ५, पात्रता सामन्याचं २५. आपल्याहून ३०० गुणांनी वरच्या संघाशी हरलात तर सुमारे २.४ गुण जातात, बरोबरी झाली तर २.६ मिळतात. २०० गुणांनी खालच्याला हरवलंत तर ३.२ मिळतात, पण त्याच्याशी बरोबरी झाली तरी १.८ कापले जातात. म्हणजे तगड्याशी हरणं तितकं महाग नाही.

सहा नंबर जर्सी:
धन्यवाद मास्तर, तेच म्हणत होतो.

@फातोर्डा, सिंगापूरचा पहिला सामनाही सांगा की. झिंगनला ४७व्या मिनिटाला लाल कार्ड, दहा जण आणि ९०व्या मिनिटाला बरोबरी. मागे राहून दम धरायची ही सवय इराण-ओमानशी खेळूनच लागते. मालदीवला ३-० हरवून लागत नाही. त्या सामन्यानंतर सहाच दिवसांनी बांगलादेशशी गोलशून्य, ते तुम्हीच वर लिहिलंय.

डगआउट:
दोघेही निम्मे बरोबर. प्रतिस्पर्धी किती तगडा यापेक्षा तो कशासाठी बोलावलाय ते आधी ठरवा. मार्च २०२१, दुबई: ओमानशी १-१, दहा जणांचं पदार्पण. चार दिवसांनी यूएईकडून ०-६, त्यांच्या माबखूतची हॅटट्रिक. एवढे नवे चेहरे एकदम उतरवले की सेंटरबॅकची (मधल्या बचावपटूंची) जोडी जमत नाही. बचावाची लाइन कोणी वर न्यायची, क्रॉसला कोणी कोणाला धरायचं, हेच ठरलेलं नसतं. हरलो त्यापेक्षा त्यातून कुठलीच जोडी हाती लागली नाही, हे वाईट. एका सामन्यात तीन नवे पुरे, पाठीचा कणा तोच ठेवायचा: गोलकीपर, दोन सेंटरबॅक, सहा नंबर (बचावासमोरचा मिडफिल्डर).

विंडोत दोन सामने असतील तर पहिला वरच्या संघाशी, दुसरा पुढच्या पात्रता प्रतिस्पर्ध्यासारखा खेळणाऱ्याशी. आणि विंडोबाहेर जाऊ नका. काफाचा पहिला सामना २९ ऑगस्टला होता, विंडो सुरू व्हायच्या आधी. क्लबवर खेळाडू सोडायचं बंधन नव्हतं आणि सगळे मिळालेही नाहीत.

फातोर्डा ईस्ट स्टँड:
हे पटलं. फक्त क्रम उलटा करा. आधी मागे बसणारा संघ, पाय ताजे असताना. सहा गोल खाल्लेल्या संघाला तीन दिवसांत आक्रमण शिकवायला कोण जाणार?

डगआउट:
२०२६ पासून सप्टेंबर-ऑक्टोबरची विंडो एकत्र झालीये, १६ दिवस, चार सामने. दोन्ही क्रम करून बघता येतील. चार वेगवेगळे संघ आणायचे पैसे फेडरेशनकडे आहेत का, एवढाच प्रश्न.